पाचव्या महिन्यातला कौल

लग्नानंतर सात वर्षांनी मला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करताना यंत्र पोटावर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवलं आणि म्हणाल्या, "हृदय पाहिजे तसं दिसून नाही राहिलं. नागपूरला दाखवून घ्या." नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली होती. पोटात आहे तोवर त्याला काही त्रास नाही, पण नाळ कापली की जिवाला धोका. बाळंतपण जिथं हृदयाचं ऑपरेशन होतं अशाच दवाखान्यात करावं लागेल. आशा चांगली आहे, पण खात्री नाही. पुढे जायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा, असं ते शांतपणे म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या टायमाले कुठं होत्या ह्या मशिनी? देवाच्या मनात असन थे होईन." मला ते बोलणं उशीसारखं मऊ वाटलं. मीही म्हणू लागले, देवावर सोपवलं. आज कबूल करते, ती श्रद्धा नव्हती, भीती होती. पुन्हा तपासणीला बोलावलेली तारीख मी तशीच जाऊ दिली. ह्यांनी दोनदा विषय काढला, दोनदा मी उठून आत गेले. शाळेत मुलांना पाढे सांगताना मात्र बाळ हललं की मी मधलाच आकडा विसरायचे.

एका शनिवारी आम्ही दोघं जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. मी एकच मागत होते, रिपोर्ट खोटा निघू दे. बाहेर सावलीत बसले आणि रडू आवरेना. हे प्रसाद घ्यायला गेले होते. शेजारी सावरगावची एक बाई बसली होती, पन्नाशीची, हाताला कपाशी वेचून पडलेले ओरखडे. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. का कोण जाणे, घरच्यांशी बोलायचं टाळलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्या लेकीचं बाळ तिसऱ्या दिवशी निळं पडलं, माय. गाडीत घालून नेता नेता रस्त्यातच गेलं. मागून डॉक्टर म्हणे, पोटात असतानाच दिसलं असतं. आमी तपासलंच नोतं, देवावर सोडलं म्हणून." पदरानं डोळे पुसून तिनं माझा हात धरला. "तुले त्यानं दाखवून देल्लं, अन् तूच डोये मिटून बसली?"

इतके दिवस मी देवाचा कौल मागत होते. तो मला केव्हाच मिळाला होता. हे परत आल्यावर मी म्हटलं, "नागपूरला जाऊ. आजच." त्यांनी लगेच खांद्यावरची पिशवी उघडून दाखवली. तपासणीचे सगळे कागद आत होते. रोज सोबत बाळगत होते ते, मी कधी हो म्हणेन म्हणून. आम्ही सौंसरहून नागपूरची बस धरली.

दिवस भरल्यावर नागपूरच्या हृदयाच्या दवाखान्यातच मुलगी झाली. ओठ निळसर होते. मी तिला हात लावण्याआधीच डॉक्टर तिला घेऊन गेले, आणि काही मिनिटांत औषध सुरू झालं. नवव्या दिवशी ऑपरेशन. त्या सहा तासांत मला काही मागताच आलं नाही. करायचं ते सगळं करून झालं होतं, आता हात रिकामे होते. देवाला म्हटलं, तुझीच आहे, तू जे करशील ते. सात वर्षांच्या उपासतापासांत मिळाली नव्हती अशी शांतता थिएटरबाहेरच्या त्या बाकावर मिळाली. सासूबाई भिंतीला टेकून जप करत होत्या. सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "चांगलं झालं." सासूबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या, तेव्हा त्यांनी घाईनं त्यांना सावरलं.

लेक आता तीन वर्षांची आहे. छातीवर बारीक रेघ आहे, वर्षातून एकदा तपासणी असते, आणि ती तारीख आता मी चुकवत नाही. निष्ठेनं चालणाऱ्या सगळ्यांचंच बाळ वाचतं असं मी म्हणणार नाही. त्या सावरगावच्या बाईची निष्ठा माझ्याहून कमी नव्हती. मला एवढंच कळलं की सोपवणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. दाखवलेलं पाहायचं, आपलं काम करायचं, मग हात जोडायचे.

परवा गल्लीतली एक गरोदर सून सासूबाईंच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "देव सगळं नीट करन वं," म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कधी हाये?"