इरफानच्या अक्षरातली चिठ्ठी

इरफान गेल्याची बातमी मला मालतीवहिनींच्या फोनवरून कळली. बोर्ली पंचतनजवळ सुपारीच्या वाडीत त्यांच्या पाहुण्यांसाठी सहा खोल्या आहेत. "महेशभाऊ, इरफानभाय गेले हो... सकाळी छातीत कळ आली म्हणं. आता आमचे कॅमेरे कोन बघनार?" वीस वर्षांपासूनचा मित्र गेला होता आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मी काय मेलोय? तेच काम मीही करतो! आज लिहितानाही लाज वाटते, पण आलं ते आलं.

अलिबागला संगणक दुरुस्तीचा कोर्स आम्ही एकाच बाकावर बसून केला. मी वह्या भरायचो, तो खिडकीबाहेर बघायचा आणि शाबासकी त्याला मिळायची. पुढे श्रीवर्धनात दोघांची दुकानं झाली. माझं भर बाजारात, त्याचं आतल्या गल्लीत. लोक माझ्या पायरीवर उभे राहून त्याच्या दुकानाचा पत्ता विचारायचे... आणि मी सांगायचो.

तीन वर्षांपूर्वी वहिनींच्या पाळतीच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर नेटवर्कवर दिसेनासा झाला. मी राउटरची वायर लॅपटॉपला लावली आणि काळ्या पडद्यावर कमांड दिली. नेटवर्कच्या जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला ती हाक मारते आणि जे ओ देईल त्याचा नंबर दाखवते. यादीत एकच यंत्र येत होतं. वायरी बदलल्या, राउटर तीनदा बंद-चालू केला, शेवटी "नवा रेकॉर्डर घ्या" असंही सांगून मोकळा झालो. वहिनींनी इरफानला फोन लावला.

तो आला, आधी चहा प्यायला, मग पडद्याकडे बघून हसला. "महेश, हा तुझाच मोबाइल हाय रे." वहिनींचं इंटरनेट बंद म्हणून मी लॅपटॉप वाय-फायवरून माझ्या मोबाइलला जोडला होता, आणि कमांड वायर सोडून तिकडेच हाका मारत होती. "तू भलत्याच दारात उभा राहून हाका मारतोस. ओ कोन देनार?" त्याने लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, माझा मोबाइल वहिनींच्या हातात दिला. "हा धरा जरा, मधे मधे बोलतो." पुन्हा तीच कमांड. अकरा यंत्रं, त्यात रेकॉर्डर! नंबर चिठ्ठीवर लिहून त्याने ती रेकॉर्डरच्या पाठीला चिकटवली. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

परवा, तो गेल्याला दीड महिना होत असताना, वहिनींनी मला बोलावलं. विजेने राउटर जळाला होता, नवा बसवल्यावर रेकॉर्डर पुन्हा हरवला. मी लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं आणि नकळत मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "इरफानभाय पन असाच द्यायचे," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. रेकॉर्डर सापडला, पण माझं कौतुक करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

नव्या राउटरमुळे नंबर बदलला होता. इरफानच्या चिठ्ठीवरचा आता चूक आणि माझा बरोबर, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याची चिठ्ठी खरवडून टाकायला नख लावलं... आणि मागे घेतलं. माझी तिच्या खाली चिकटवली. लांब उभा राहून बघितलं. अक्षर मेल्याचं माझ्यापेक्षा चांगलंच होतं.