बोटभर नाळ

माझी नात मूळ पेशींवर संशोधन करते. त्या पेशी वापरून भाजलेली कातडी पुन्हा भरून आणता येईल का, ते तिला बघायचं आहे. मी चौथी शिकलेली. एवढं समजायला मला तिच्याकडून तीनदा ऐकावं लागलं. पेशी नाळेच्या आतल्या बुळबुळीत गरात असतात, हे मात्र एकदाच सांगून कळलं. माझी चार बाळंतपणं झाली आहेत.

पण नाळ कोणी देईना. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आमच्याकडे अजून बरेच लोक वार आणि नाळ मागून घेतात आणि घरामागे पुरतात. दिवाळीपर्यंत पेशी वाढवून दाखव, नाहीतर विषय बदल, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिला बजावलं होतं. दोन वर्षं पाण्यात गेली असती. पोरगी नीट जेवेना. मी म्हटलं, "उद्या मी येते. तू माणसांशी बोलतेस तरी काय ते बघू दे."

शाहूपुरीतल्या एका प्रसूतिगृहात गेलो. नृसिंहवाडीकडची एक सून दाखल झाली होती, जवळ सासू. नातीने संमतीचे कागद काढले आणि वाचायला लागली. पाच पानं. सून सासूकडे बघत होती, सासू पंख्याकडे. तिसऱ्या पानाला मी नातीला थांबवलं.

"पावणं, चहा झाला का?" मी सासूला विचारलं.

"झाला की. ही पोरगी विमा विकती व्हय?"

"न्हाय. नाळ मागती."

"करणी करायची हाय काय?"

"करणी करणारी पाच पानं वाचून दाखवंल का?"

बाई हसली. मग म्हणाली, "नाळ मातीत गेली पायजे. न्हायतर पोर घरात ठरत न्हाय."

"हिची पुरलीया कळंब्याला, गोठ्यामागं. ही तरी कुठं ठरती घरात? दिवसभर लॅबमधी."

"बरं, पायजे तरी केवढी?"

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. नात म्हणाली, "बोटभर पुरते."

"मग कागदात सगळी का लिवलीया?"

जास्त मिळाली तर बरी, म्हणून लिहिली होती. शिकलेल्या पोरीची अक्कल. मी तिच्याकडे बघितलं, तिने पानं मिटली.

ती नाळ काही मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी त्या बाईला नातू झाला आणि नाळ सगळी मातीत गेली. पण नातीने कागद बदलला, संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडून मंजूर करून घेतला. आता एकच पान, मराठीत. नाळ बोटभर घेणार, बाकीची घरच्यांना परत.

पुढच्या महिन्यात तीच बाई बाळंतपणाला माहेरी आलेल्या स्वतःच्या लेकीला घेऊन आली. लेकीने पान वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. आई नातीला म्हणाली, "मापाला बोट तुझं धर. माझं लई जाड हाय."

दिवाळीला आठवडा होता तेव्हा पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढायला लागल्या. नातीने मला लॅबमधल्या मायक्रोस्कोपमधून दाखवल्या. शेवयांचे तुकडे सांडल्यासारखं दिसलं. मॅडमनी विषय पुढे चालू ठेवायला सांगितला. अजून चार नाळा लागणार आहेत म्हणे. लागू देत, मी रिकामीच असते.

त्या दिवशी पोरगी तीन भाकऱ्या जेवली. चौथी मीच दिली नाही.