गच्चीवरच्या सळया

आमच्या घरातली मधली भिंत पाडायचं ठरलं ते बायकोच्या शिवण क्लासमुळं. पुढच्या खोलीत दोन मशीन, त्यांच्याभोवती अकरा मुली आणि उंबऱ्यात चपलांचा ढीग. मी रांजणगावहून फर्स्ट शिफ्ट करून आलो की बूट हातात घेऊन मागच्या दारानं घरात शिरायचो. आमची मुलगी बारावीला, तिचा अभ्यास स्वयंपाकघरात. त्यात बायकोला कंपनीच्या युनिफॉर्मचं काम मिळत होतं. ठेकेदाराची अट एकच होती, मोटरवरची चार मशीन एका जागी पाहिजेत. मशीनचे पैसे तिनं भिशीतून आणि फीमधून तीन वर्षं साठवले होते. अडचण जागेची होती. पुढची आणि मधली खोली एक केली की झालं, असं मीच म्हणालो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी दिसेल त्याच्यावर तोंड टाकलं.

मिस्त्री गावातलाच, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात नेहमी भेटणारा. त्यानं भिंतीला हातही लावला नाही, तो सरळ गच्चीवर गेला. आमच्याकडं घराची ताकद गच्चीवरूनच मोजतात. स्लॅबच्या वर पिलरच्या सळया निघालेल्या दिसल्या की घर पक्कं आणि वर मजला होणार, हे गृहीत. आमच्या गच्चीवर अशा आठ ठिकाणी सळया होत्या, टोकांवर रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या. कपडे वाळत घालायची दोरी त्यांनाच बांधलेली. मिस्त्रीनं जिन्यातूनच त्या मोजल्या आणि म्हणाला, ही भिंत नुसता आडोसा आहे, पंधरा हजारात मोकळी करून देतो.

मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारलंसुद्धा. घर त्यांनीच उभं केलेलं, त्यांना माहीत असणार. ते ओट्यावर खाटेवर बसले होते. पिलर आहेत ना, म्हटलं. "वर दिसत्यात की," एवढंच ते बोलले आणि रस्त्याकडं बघत राहिले.

सोमवारी सकाळी घण पडायला सुरुवात झाली. दोन तासांत भिंतीच्या मधोमध दाराएवढं भगदाड पडलं आणि छतातून आवाज आला. मोठा नव्हता, सुपारी फोडल्यासारखा. पंख्याच्या हुकापासून कोपऱ्यापर्यंत एक बारीक रेघ गेली. स्वयंपाकघराचं दार तोवर एका बोटानं लागत होतं, ते चौकटीत अडकून बसलं. मिस्त्रीनं घाईघाईनं कोपऱ्यातला गिलावा फोडला, पिलर बघायला. आत वीट. दुसऱ्या कोपऱ्यात वीट. तिसऱ्यातही वीटच. "वरून कीर्तन, आतून तमाशा," तो म्हणाला, त्यानं पाटी-थापी उचलली आणि दुपारनंतर त्याचा फोन लागेना. शेजारच्या सेंट्रिंगवाल्याच्या हातापाया पडून लोखंडी टेकू आणले आणि छताखाली उभे केले. त्या रात्री आम्ही सगळे ओट्यावर झोपलो.

शिरूरहून इंजिनिअर आला. तो गच्चीवर गेला आणि त्यानं एक सळई हातानं हलवली. ती हलली, पडायला आलेल्या दातासारखी. खाली पिलर नाही, सळई फक्त दीड फूट विटांत रोवलेली आहे, तुमचा स्लॅब या भिंतीवरच बसलाय, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मार्ग दोनच होते. भगदाड बुजवायचं, नाहीतर पायापासून दोन नवे पिलर उचलून त्यावर लोखंडी गर्डर टाकायचा. शहाण्या माणसानं बुजवलं असतं. पण माझं डोकं फिरलं होतं. आता भिंत जाणार म्हणजे जाणार, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. तिनं कपाटातून मशीनचे पैसे काढून माझ्यापुढं ठेवले, आणि मी ते घेतले.

पायासाठी फरशी फोडली, तसली फरशी आता कुठं मिळेना. भिंतीतल्या वायरी नव्यानं फिरवल्या. गर्डर दौंडहून टेम्पोनं आला, तो उतरवायला आठ माणसं लागली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथं मसाला लाखाच्या वर गेला. मशीनचे पैसे संपले. युनिफॉर्मचं काम दुसऱ्या बाईला गेलं. आता आमच्याकडं मोठा हॉल आहे, त्यात तीच दोन जुनी मशीन, आणि बोललं की आवाज घुमतो.

गर्डर बसला त्या संध्याकाळी मी आप्पांना सोडलं नाही. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं, मग त्या दिवशी का बोलला नाहीत? बायको चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

"तुझं लगीन जमवायचं व्हतं," ते म्हणाले. "खुटबावचं पाव्हणं घर बघाया येणार व्हतं. पिलरला पैका नव्हता. आदल्या दिवशी सळया रोवून घेतल्या."

खुटबाव हे बायकोचं माहेर. घर बघायला तिचे वडील, दादा, आले होते.

"आमच्या दादांनी मोजल्या हुत्या त्या," ती म्हणाली. "घरी येऊन म्हणले, आठ पिलरचं घर हाय, पोरीला काय कमी पडायचं न्हाई." तिनं कप आप्पांच्या हातात दिला आणि आत गेली.

मला आप्पांचा राग आला. पण एका दिवसात पिलर उभे राहत नाहीत, हे मलाही तेव्हा कळायला हवं होतं. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मी कामावरून आलो आणि गच्चीवर सळया दिसल्या. मी विचारलं नाही. लग्न माझं होतं.

पुढच्या रविवारी मी ग्राइंडर मागून आणला आणि गच्चीवर गेलो. बायको दोरीवरचे कपडे काढत होती. मागच्या सहा ठिकाणच्या सळया आधी कापायच्या म्हणून मी तिकडं वळलो, तोवर आप्पा भिंतीला धरून अर्धा जिना चढून आले.

"म्होरच्या दोन राहू दे," ते म्हणाले. "रस्त्यावरनं त्याच दिसत्यात. पोरीचं अजून व्हायचंय."

बायकोनं शेवटचा कपडा काढला, दोरीची गाठ सोडली आणि दोरी हाताला गुंडाळली.

"त्या दोन आधी कापा," ती मला म्हणाली.

मी ग्राइंडरची वायर पुढच्या कोपऱ्याकडं ओढली.