दोन्ही खांदे सारखे

नाटकवाल्यांचे किस्से कुणी जमवत नाही. तालीम संपल्यावर घरी न जाता चहा मागवायची सवय असली, की ते आपोआप साठतात. आमच्या कोल्हापुरातल्या हौशी संगीत नाटक मंडळीत माझं काम काहीच नव्हतं. माझी बायको नलिनी तिथं कपड्यांची चित्रं काढायची. राजाचा अंगरखा, राणीचा शालू, प्रधानाची शाल, सगळं आधी कागदावर, रंगात. मी तिला स्कूटरवरून सोडायचो आणि परत आणायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. चहा चालू आहे.

*

कपडे शिवायचे पेठ वडगावचे बापू टेलर. त्यांचं तत्त्व एकच, "वैनींनी काढलंय तसंच. इकडचं तिकडं न्हाय!"

एकदा नलिनीनं प्रधानाच्या मनगटाकडे बाण काढून लिहिलं, 'राखी'. बाहीची किनार राखी रंगाची हवी, एवढाच अर्थ. बापूंनी गोंड्याची, चमकीची राखी आणली आणि बाहीला पक्की शिवून टाकली!

प्रधान म्हणजे नाटकातला खलनायक, राणीवर डोळा असलेला. दुसऱ्या अंकात तो राणीचा हात धरून पद म्हणू लागला, तसा मागच्या रांगेतून आवाज आला, "आरं, लाज हाय का न्हाय? राखी बांधलीया की तिनं!"

*

राणीच्या पायात नलिनीनं फार सुंदर पैंजण काढले होते. हुपरीच्या एका कारागिरानं चित्र समोर ठेवून ते हुबेहूब करून दिले. एकही घुंगरू कमी नाही.

तिसऱ्या अंकात राणी चोरपावलांनी तुरुंगात शिरते. पहारेकरी झोपलेले. राणीनं पहिलं पाऊल टाकलं आणि थिएटरभर छुमछुमाट! पहारेकरी मात्र कर्तव्यदक्षतेनं घोरत राहिले.

"ऊठ की रं!" कुणीतरी ओरडलं. "का इंजेक्शन घेऊन झोपलायस?"

दिग्दर्शक आबा संतापून नलिनीकडे आले. ती शांतपणे म्हणाली, "चित्रात वाजले नव्हते."

*

आमचा राजा दिगंबर. दिवसा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर, संध्याकाळी सिंहासनावर. गळा गोड आणि देह भरदार. नलिनीच्या चित्रातले राजे मात्र सडपातळ.

एकदा त्यानं चित्र बराच वेळ न्याहाळलं. "वैनी, ह्यात मी कुठला?"

"हे काय, हेच तुम्ही."

"मग माझं पोट?"

"ते तुम्ही घेऊन येणारच आहात की!"

*

आता खांद्यांचं. चित्र काढताना नलिनी मलाच समोर उभं करायची. फुकटचा माणूस, हलत नाही, बोलत नाही. वर्षानुवर्षं शाळामास्तर म्हणून वह्यांची पिशवी वागवून माझा डावा खांदा खाली आलेला आहे. तिनं दिसलं ते काढलं. बापूंनी काढलं ते शिवलं. रंगीत तालमीला राजा, प्रधान, सेनापती, सगळा दरबार एका बाजूला कललेला!

आबांनी कपाळावर हात मारला. "ह्ये राज्य हाय का भूकंप?"

बापू ठाम होते. "चित्र बघा. डावा खाली हाय का न्हाय?"

तेव्हापासून चित्र रंगवून झालं, की नलिनी खाली न चुकता लिहायची, 'दोन्ही खांदे सारखे'. मग माझ्याकडे बघून हसायची.

*

यंदा मंडळीनं नवं नाटक घेतलं. नवं म्हणजे रखडलेलं. त्याची चित्रं नलिनीनं आजारपणात काढली होती. सगळी पूर्ण, फक्त राजाचा अंगरखा पेन्सिलीतच राहिलेला. बाजूला 'अंजिरी' एवढंच लिहिलेलं.

आबा म्हणाले, "सर, राजाचा भाड्यानं आणू या. अर्धवट चित्रावर कसं शिवणार?"

तिचं शेवटचं चित्र ते. एकदा तरी उजेडात उभं राहावं, असं मला फार वाटत होतं. मी म्हणालो, "बापूंना विचारून बघा."

बापूंनी कागद घेतला. "वैनींनी काढलंय तसं करतो."

चित्राखाली ती ओळ नव्हती. मला ते दिसलं होतं. मी बोललो नाही.

रंगीत तालमीला दिगंबरनं अंगरखा चढवला. "बापू, डावीकडनं घसरतोय की ह्यो!"

"बघा सर!" आबा कडाडले. "उद्या प्रयोग हाय. आत्ताच्या आत्ता भाड्याचा मागवा!"

बापू जागचे हलले नाहीत. "खांदं सारखं कर म्हणून वैनींनी कुठं लिवलंय, दाखवा."

आबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. दिगंबर आरशासमोर उभा होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं आणि डावा खांदा हळूच खाली सोडला. अंगरखा अंगावर चपखल बसला.

"ऱ्हाऊ द्या आबा," तो म्हणाला. "मी असाच चालतो."

दुसऱ्या दिवशी मी पुढून तिसऱ्या रांगेत बसलो. पडदा वर गेला. अंजिरी अंगरख्यातला राजा एक खांदा पाडून सावकाश पुढे आला आणि उजेडात उभा राहिला. टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी माझ्या पाठीवर बोट टोचलं.

"ओ पावणं, जरा सरळ बसा की! तिकडं राजा वाकडा, हिकडं तुमी वाकडं. आमी बघायचं कुठनं?"