पाणी आधी, राग नंतर

शनिवारी सकाळी क्लबने कोचना कामावरून काढलं. आदल्या संध्याकाळी संघ घरच्या मैदानावर हरला होता. काढल्याच्या निरोपाबरोबरच दुपारच्या विमानाचं तिकीटही आलं.

त्यांचं नाव इथे देत नाही. ते पोलंडचे. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये बचावपटू म्हणून खेळले, गुडघा गेल्यावर प्रशिक्षक झाले आणि लहान शहरांतले काही क्लब सांभाळून बहारीनला आले. मी मनामातल्या एका इंग्रजी दैनिकाच्या क्रीडा पानावर काम करतो. त्यांचे इथले बहुतेक सामने मी पाहिले.

तुम्ही त्यातल्या एखाद्या सामन्याला आला असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल. खेळाडू बदलला की कोच रेषेपाशी जाऊन उभे राहत. टोपी काखेत, हातात झाकण उघडलेली पाण्याची बाटली. बाहेर येणारा खेळाडू धुमसत असायचा. कोच एवढंच म्हणायचे, "पाणी आधी. राग नंतर."

हे फक्त खेळाडूंसाठी नव्हतं. संघाची बस दिनूभाऊ चालवत. ते गुहागरकडचे. मनामाच्या सीफ भागातल्या ट्रॅफिकमध्ये त्यांनी हॉर्नवर हात ठेवला की मागून बाटली पुढे यायची.

"कोचसाहेब, इतकं पाणी पाजलंत तर बस परत थांबवावी लागेल," दिनूभाऊ म्हणायचे.

एकदा मुलाखतीत मी त्यांना कारकिर्दीतला सर्वोत्तम क्षण विचारला.

"तो टीव्हीवर सापडेल. मी दुसरा सांगतो."

तरुणपणी एका सामन्यात त्यांना बाहेर बोलावलं गेलं. म्हाताऱ्या प्रशिक्षकाने पाणी पुढे केलं. यांनी भर स्टेडियमसमोर फटका मारून बाटली उडवली. म्हातारा ती उचलायला वाकला, तेव्हा लोक हसले. दुसऱ्या दिवशी क्लबने म्हाताऱ्याला काढलं. तो यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होता.

"मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. मग आधी का नाही गेलो याचीच लाज वाटायला लागली. तो वारला तेव्हाही मी चर्चसमोर रस्त्याच्या पलीकडे उभा होतो."

हा भाग आमच्या डेस्कने जागेअभावी कापला.

त्या शुक्रवारी कोचनी डाव्या बाजूच्या आघाडीच्या खेळाडूला बाहेर बोलावलं. तो इथलाच पोरगा. त्याच्या मामाचं तुबलीत गॅरेज आहे आणि सराव नसेल तेव्हा तो तिथेच काम करतो. तो रेषेपाशी आला आणि पुढे केलेल्या बाटलीवर त्याने हात मारला. बाटली मैदानात जाऊन पडली. गॅलरीत कोणी तरी हसलं, मग बरेच जण हसले. कोच वाकले. गुडघा नीट वाकत नसल्याने त्यांना वेळ लागला.

सामन्यानंतर मी विचारलं, "त्याच्यावर कारवाई करणार?"

"नाही. आजची रात्रच त्याला पुरेशी आहे. ती रात्र मला माहीत आहे."

पुढचं मला दिनूभाऊंनी सांगितलं. गॅरेजच्या मालकाने, म्हणजे त्या पोराच्या मामाने, त्याला दुजोरा दिला.

शनिवारी विमानतळावर सोडायला दिनूभाऊच होते. गाडी निघाल्यावर कोच म्हणाले, "तुबली."

"अहो, तुबली उलट्या बाजूला. विमान चुकेल."

"यल्ला, दिनू. चल."

गॅरेजमध्ये एक गाडी जॅकवर उचललेली होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मामा खजील झाला. त्याने भाच्याला हाक मारली, मग शिवी दिली. पाय हलले नाहीत. कोचनी मामाला हातानेच थांबवलं आणि एका जुन्या टायरवर बसले.

"बुटांशी बोलत होते हो," दिनूभाऊ मला म्हणाले. "तो म्हातारा, ती बाटली, ते घर, सगळं सांगितलं. मला म्हणायचे उशीर करू नको, आणि स्वतः उठेनात. शेवटी पोराला म्हणाले, 'तुला माझ्याकडे यायचं राहून गेलं असं कधी म्हणू नकोस. मीच आलोय. आता काही बाकी नाही. खलास.'"

"तो बाहेर आला?"

"कुठला येतोय! मी म्हटलं, कोचसाहेब, पाय धरून ओढतो बाहेर. तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हणाले, 'आत्ता त्याला तोंड दाखवायला लावू नकोस.'"

निघताना कोचनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि गाडीखाली हात पोचेल अशी चाकाशेजारी ठेवली. ठेवायला वाकताना त्यांनी मामाच्या खांद्याचा आधार घेतला.

विमान वेळेवर सुटलं. कोच त्यात होते.

दिनूभाऊ परतताना तुबलीवरून आले. पाय अजून गाडीखालीच होते. बाटली रिकामी होती.