मुदत आहे तोवर

जर्मनीतल्या येना शहरात सकाळच्या ट्रामला तो कोरियन संशोधक रोज समोर बसायचा. बाहेर धुकं असायचं. काचेत बघत तो आपले खांद्याखाली आलेले केस सावकाश बांधायचा, पाण्याखाली बसल्यासारखा. मी ऑफिसचे मेल वाचायचं विसरून जायचो.

त्याच्या देशात लष्करात जाणं सक्तीचं. पीएचडीचं कारण दाखवून तो दरवर्षी मुदत वाढवून घ्यायचा. एकदा म्हणाला होता, "मुदत आहे तोवर केस आहेत."

परवा तो चढला तो डोकं भादरूनच. मी विचारायच्या आत म्हणाला, "तर, यंदा मुदत वाढली नाही. तिथे कापणारच होते, म्हणून काल मीच कापले. निदान हात तरी ओळखीचा."

मग तो काचेत बघत राहिला. थोड्या वेळाने त्याचे दोन्ही हात सवयीने मानेमागे गेले आणि तिथेच थांबले.