बाहेरून कडी

किल्लारीच्या भूकंपात गुरम्मा घराच्या कोसळलेल्या मातीच्या माळवदाखाली सात तास अडकली होती. तेव्हा ती चौदा वर्षांची. अंगावर खरचटण्यापलीकडं काही नव्हतं, पण त्यानंतर बंद खोलीत तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. लातुरात मावशीकडं वाढली, मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली आणि एका क्लासात प्रश्नपत्रिका टाईप करायला लागली. खोली कोठीवजा, बिनखिडकीची. पण दार सताड उघडं असायचं, म्हणून निभत होतं.

मग एका चाचणीचा पेपर फुटला. क्लासचे मालक बापूसाहेब सर म्हणाले, "आजपासून पेपर छापून होईपर्यंत बाहेरून कडी. मोबाईल माझ्याकडं."

"सर, मला बंद खोली सोसत न्हाई."

"दोन तासांचं तर काम!" म्हणत ते नांदेडच्या नव्या शाखेकडं निघूनही गेले. पहारेकऱ्यानं बाहेरून कडी घातली.

त्याच आठवड्यात आलोक नावाच्या कॉम्प्युटरवाल्यानं सगळ्या मशीनवर जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकलं होतं. इंग्रजीच्या जोडीला मराठी कीबोर्ड बसवला होता, पण अक्षरांच्या जागा टाइपरायटरहून वेगळ्या. पंधरा वर्षं जुन्या जागांना सरावलेली बोटं पावलोपावली अडखळत होती. गुरम्मा पाणी प्यायला उठली, दोन घटका भिंतीला टेकून उभी राहिली. परतली तर कॉम्प्युटरचा पडदा कुलूपबंद होऊन पासवर्ड मागत होता. तिनं टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. पडद्यावर नुसते ठिपके. काय उमटतंय ते कळेना.

तिनं दार बडवलं. "शेषेरावमामा, उघडा!"

"ताई, सरचा हुकूम न्हाई. माझी नोकरी जाईल की," बाहेरून पहारेकरी शेषेराव म्हणाला.

"आलोकला तरी फोन लावा."

"दोनदा लावला. लागत न्हाई."

तिच्या तोंडात मातीची चव आली. ओरडलं की श्वास लवकर संपतो, हे ती माळवदाखाली शिकली होती. ती गप झाली, फरशीवर बसली, दोन्ही तळवे टेकले. श्वास ठिकाणावर आल्यावर उठून तिनं पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत 'मार' लिहिलेलं. मार म्हणजे मराठी. म्हणजे कीबोर्ड अजून मराठीतच, अन् पासवर्ड इंग्रजी! तिनं त्यावर माउस दाबला, 'यूएसए' आलं, म्हणजे इंग्रजी. पासवर्ड लागला.

पेपर पुरा व्हायला दिवस मावळला. परतलेल्या बापूसाहेबांना ती म्हणाली, "कडी आतून लावते, सर. झडती घ्या हवी तर."

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

तिनं आणखी दोन क्लासांत विचारून पाहिलं. तिथंही पेपर बंद खोलीतच निघत होते. सोमवारी ती परत कामावर आली. बाहेरून कडी घातल्यावर शेषेरावानं कुणी न सांगताच आपलं स्टूल दाराला चिकटवलं आणि अर्धापूरच्या बहिणीच्या केळीच्या बागेबद्दल बोलायला लागला. कुठला घड किती मोठा, पाणी कधी दिलं, सगळं. आतून गुरम्मा म्हणायची, "हं, मग?"